मेंदूसाठी मुरुमांची गोळी

"मुरुमांची गोळी? माझ्या भावाच्या मेंदूला?" क्योमुहेंडोबाई वॉर्डात कडाडल्या. म्बारारा शहराच्या बाजारात त्यांचं औषधांचं दुकान. धाकटा भाऊ मुहुमुझा दुधाचा टँकर चालवायचा. सकाळी मेंदूत गुठळी अडकून त्याची उजवी बाजू लुळी पडली होती. जीभ जड झाली होती, समज मात्र शाबूत. गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची वेळ टळून गेली होती.

झटका आलेल्यांवर ही गोळी तपासून बघणारा एक अभ्यास आमच्या इस्पितळात चालू होता, मी त्यातली नर्स. अभ्यासाच्या प्रमुख डॉ. नातुकुंडा शांतपणे म्हणाल्या, "चेहऱ्यावरच्या मुरुमांचं हे औषध जुनं आहे, त्याचे गुणदोष माहीत आहेत. उंदरांच्या मेंदूतल्या मरू घातलेल्या पेशी त्यानं वाचल्या. माणसांच्या वाचतात का, ते बघतोय. निम्म्यांना औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी पिठाची गोळी. कुणाला काय मिळालं, ते आम्हालाही कळत नाही."

"म्हणजे आम्ही उंदीर!"

"ताई... गप," मुहुमुझा कसाबसा बोलला आणि डावा अंगठा संमतीच्या कागदावर टेकवला.

"मर मग," बाई म्हणाल्या. तरी रोज त्याला भरवायला त्याच यायच्या.

तीन महिन्यांनी तो काठी टेकत चालू लागला. मग कानावर आलं, बाई तीच गोळी पक्षाघाताच्या झटक्यावरचं औषध म्हणून विकतायत. डॉक्टर मला घेऊन तडक दुकानात गेल्या.

"त्याला औषधच मिळालं, हे कुणी सांगितलं तुम्हाला? कुणाच्या मेंदूत गुठळी नसते, रक्तस्राव झालेला असतो. इस्पितळात यायचं सोडून लोक इथे येतील आणि मरतील."

"माझा भाऊ चालतोय! डोळे फुटले का तुझे? चल, नीघ."

गिऱ्हाइकांसमोर आम्हाला बाहेर काढलं.

वर्षानं अभ्यास संपला, कुणाला काय दिलं त्याची यादी उघडली. खरं औषध मिळालेल्यांना फायदा झाला असं ठामपणे म्हणता येईना. मुहुमुझाच्या नावापुढे होतं: पिठाची गोळी.

डॉक्टरांनी दोघांना बोलावून सांगितलं. मुहुमुझा वाकड्या तोंडानं हसला. बाई ताडकन उठल्या.

"मरणाच्या दारात होता, आणि पीठ चारलंत त्याला?"

"औषध नको म्हणून तुम्हीच तर भांडलात!" माझ्या तोंडून निसटलं.

"तू बोलूच नकोस. रोज घड्याळ बघून ते पीठ तूच भरवलंस ना?"

प्रत्येक गोळी देताना हीच खरी असेल, असं मी मनात म्हणत आले होते.

त्यांनी भावाचा दंड धरला. "चल. पुन्हा ह्यांची पायरी चढायची नाही."

त्यानं हात सोडवून घेतला. "तपासणी राहिलीये माझी."

"मी चालले. एकटा ये."

"येईन."

बाई दार आपटून गेल्या. डॉक्टरांनी त्याच्या उजव्या हातात आपली दोन बोटं दिली. "दाबा," त्या म्हणाल्या. आवाजातला बाईंवरचा राग अजून उतरला नव्हता. "आणखी जोरात."