पंचेचाळीस सेकंदांचा आत्मा

"घाबरू नकोस गं, मोडेम म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमानं फोन लावणारा सांगकाम्या. दोन अक्षरं लिही. 'ओके' म्हणाला की समज, तो जागा आहे. सांगशील तो नंबर फिरवेल. पलीकडून उत्तर आलं नाही, तर तू ठरवलेला वेळ वाट बघेल आणि ठेवून देईल. स्वतःच्या मनानं काही म्हणजे काही करायचा नाही."

टेलिफोन केंद्रातल्या मास्तरांचा हा आवाज कितीतरी वर्षांपूर्वीचा. तो धाकटीला आज, मोठ्या बहिणीसोबत आली असताना, आठवला मेलेल्यांना फोनवर बोलावणाऱ्या लाइनबाबांच्या दालनात, शंभर माणसांच्या गर्दीत.

मधोमध मखमलीवर काळा फोन. बाबा डोळे मिटून गरजले, "पलीकडच्यांनो, लाइन मोकळी आहे!" आणि कुणी हात न लावता फोन खणखणला. गर्दीनं हात जोडले.

"उचल, माई! तुझा लेक आलाय!"

ताईनं रिसीव्हर कानाला लावला. आत नुसती शांतता, मधूनमधून बारीक 'टीं... टीं...'

"हुंदके देतोय गं तो! तिकडून लाइन मिळणं का सोपं आहे? रांग आहे रांग, मोठमोठे ताटकळलेत!"

मग लाइन तुटली. "जीव दमला," बाबा म्हणाले.

ताईचा मुलगा अपघातात जाऊन आठ महिने झाले होते. बाबांनी तिला बजावलं होतं, सुई टोचलीस की लाइन तुटते. नऊ दिवस तिनं इन्सुलिनचं इंजेक्शन घेतलं नव्हतं. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले. डॉक्टर धाकटीला म्हणाले होते, "आता दिवस मोजायचे, आठवडे नाही."

धाकटी मात्र सेकंद मोजत होती. पहिल्या घंटीपासून लाइन तुटेपर्यंत पंचेचाळीस. नंतर एका म्हाताऱ्याची वारलेली बायको लाइनवर आली, पंचेचाळीस. कुणाचं तान्हं बाळ आलं; तेही पंचेचाळीसलाच दमलं. आजी आणि तान्हुलं एकाच सेकंदाला कशी दमतात?

तिनं भिंतीकडेची वायर नजरेनं धरली, गर्दीतून वाट काढली आणि मागचा पडदा सर्रकन ओढला. आत बाबांचा मेहुणा, कॉम्प्युटर आणि लाल दिवे लुकलुकणारा मोडेम.

"अहो बाई, ते हिशोबाचं..."

"सरका." तिनं वाट पाहण्याचा वेळ पंधरा सेकंदांवर आणला, मखमलीवरच्या फोनचा नंबर फिरवायचा हुकूम दिला. फोन खणखणला. बाबांचे डोळे टक्क उघडे, तोंडात पाण्याचा घोट. एकानं रिसीव्हर उचलला. टीं... टीं... पंधराव्या सेकंदाला लाइन बंद.

"बघा! आत्मा आता लवकर दमायला लागला," धाकटी म्हणाली. "हुंदका नाही हो, मोडेम दुसऱ्या मोडेमला हाका मारतोय. यंत्राचा दोष नाही. त्याला सांगितलं ते त्यानं केलं. आपल्याला विचारायला कुणी बंदी केली होती? दुःख खरं असतं, म्हणून त्याचा फायदा घेणारा खरा ठरत नाही. वायर कुठे जाते, एवढं तरी बघत चला."

बाबा घोट गिळून म्हणाले, "अगं, आत्मे यंत्रातूनच येणार ना!" आणि अर्ध्या माना डोलल्या. म्हातारा कळवळून म्हणाला, "पोरी, ते पंचेचाळीस सेकंद तरी राहू द्यायचेस." धाकटीनं ताईला हाताला धरून गर्दीतून बाहेर काढलं.

बाहेर पायरीवर तिनं पिशवीतून इंजेक्शन काढलं. "ताई, हात दे."

ताईनं हात शालीत घेतला. "यंत्र आहे, ते ठाऊक होतं मला."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. माझं पोरगं इतका वेळ गप्प बसेल होय?"

"मग का गं येत होतीस? आणि हे औषध का सोडलंस?"

ताईनं रस्त्याकडे तोंड फिरवलं. मग हळूच म्हणाली, "इथला फोन मला उचलता तरी येतो. अपघाताच्या सकाळी त्याचा फोन आला होता. आदल्या दिवशी भांडून गेला होता ना... मी शेजारीच बसले होते. वाजू दिला. उचलला नाही गं मी."