मालकाचं अंगण

मालक परीक्षेला यायचा तो लग्नाला आल्यासारखा. कडक इस्त्री, चकचकीत बूट आणि चेहऱ्यावर 'चला, उरका लवकर' असं हसू. कंपनीत सगळेच त्याला मालक म्हणायचे, कारण डोंगरापलीकडचं ते छोटं विमानतळ त्याने बोलून बोलून स्वतःच्या नावावर करून घेतलं होतं. "ते माझं अंगण आहे," तो जिथेतिथे सांगायचा. "अंगणात उतरायला डोळे कशाला लागतात?"

ती सिम्युलेटरच्या दारात उभी राहून त्याला येताना बघत होती. सिम्युलेटर म्हणजे जमिनीवरच डुलणारी विमानाची केबिन. काचेबाहेर दिसतं ते चित्र, पण घाम खरा फुटतो. प्रत्येक वैमानिकाला ठरावीक काळाने इथे येऊन तिच्यासारख्या परीक्षकासमोर पास व्हावं लागतं, नाहीतर लायसन्स हातचं जातं. आज मालकाचा नंबर होता, आणि या दिवसासाठी ती कित्येक वर्षं दबा धरून बसली होती.

तिचा धाकटा भाऊ याच माणसाशेजारी, सहवैमानिकाच्या खुर्चीत बसून मेला होता. विमान त्या विमानतळाच्या अलीकडच्या डोंगराला घासलं, उजवी बाजू फाटली, भाऊ जागच्या जागी गेला. मालक मोडका हात घेऊन बाहेर आला आणि दुसऱ्या, धड हाताने त्याने मेलेल्याकडे बोट दाखवलं. पोरगा धुरकट हवेत गांगरला, उंची सांगायची विसरला, असं त्याने चौकशीत सांगून टाकलं. आवाज नोंदणारी पेटी नेमकी बंद पडलेली होती. समितीने सरळ हिशेब केला. एवढ्या वेळा तिथे उतरलेला माणूस चुकेल कसा? चुकला असणार तो नवखाच. मेलेला माणूस अपील करत नाही, त्यामुळे तेच कायम झालं.

तेव्हापासून आईने समोरच्या रस्त्याने जाणं सोडलं. त्या विमानात जखमी झालेली एक बाई त्याच रस्त्यावर राहायची. "ज्याच्यामुळे ती लंगडते त्याची आई मी," आई म्हणायची, आणि मागच्या गल्लीतून वळसा घालून भाजी आणायची. आईचं हे ऐकलं की तिचं डोकं भणभणायचं. भाऊ गेला ते गेला, पण त्याला गुन्हेगार करून पाठवला, याचा राग तिच्या अंगात मुरला होता.

लग्नानंतर तिचं आडनाव बदललं होतं, त्यामुळे मालकाला काहीच पत्ता नव्हता. "काय मॅडम, माझ्याच अंगणात परीक्षा?" तो डाव्या खुर्चीत ऐसपैस बसत म्हणाला. उजवीकडे एक शांत स्वभावाचा सहवैमानिक बसला. ती दोघांच्या मागे, परीक्षकाच्या जागेवर.

स्वच्छ हवेतलं पहिलं लँडिंग मालकाने असं केलं की वैऱ्यानेही मान डोलवावी. खिंडीतून आडवा वारा यायच्या आधीच त्याने पंख त्या बाजूला झुकवला होता, आणि चाकं कधी टेकली ते कळलंसुद्धा नाही. तिला कबूल करावं लागलं. ओळखीचा फायदा नसतो असं कोण म्हणेल? पण परक्या घरात आलेला पाहुणा आधी दिव्याचं बटण शोधतो. घरचा माणूस अंधारातच चालतो, आणि कुणी हलवून ठेवलेल्या स्टुलावर तोच आपटतो.

या अंगणातलं स्टूल म्हणजे चुन्याच्या भट्टीचं धुराडं. स्वच्छ हवेत डोंगर दिसतो, पण धुरकट हवेत ते डाव्या पंखाखाली आलं की मालक वळायचा. यंत्रं काय सांगतात ते त्याने कधीच बघायचं सोडून दिलं होतं. गेल्या महिन्यात डोंगरापलीकडचं ते धुराडं पाडलं आणि डोंगराच्या अलीकडे नवं बांधलं. सगळ्या वैमानिकांना तशी सूचना गेली, सिम्युलेटरमधलं चित्रही तसंच बदललं. मालकाने सूचना उघडली नसणार याची तिला खात्री होती. स्वतःच्या अंगणाची बातमी कोण दुसऱ्याकडून घेतो? तिने काडीचीही लबाडी केली नव्हती, आणि तेही मुद्दाम. लबाडीने हरवलेला माणूस जन्मभर स्वतःची कीव करत बसतो, आणि तेवढंही सुख तिला त्याला द्यायचं नव्हतं.

"आता धुरकट हवा," ती म्हणाली आणि बटण दाबलं.

काचेबाहेर राखाडी धुरकं पसरलं. त्यातून धुराडं वर आलं आणि मालकाने विमान वळवलं.

"सर, लवकर वळतोय आपण," सहवैमानिक म्हणाला. "डोंगर अजून पुढे आहे."

"गप्प बस रे. माझं अंगण आहे."

"सर, वर घ्या."

केबिन जोरात हादरली आणि काचेबाहेरचा पडदा लाल झाला. विमान डोंगरावर आपटलं होतं.

मालक मान वळवून म्हणाला, "बघा मॅडम, याने वेळेवर सांगितलंच नाही."

ती तिथेच, हाताच्या अंतरावर, सगळं ऐकत बसली होती. तरी तो बोलला. त्या विमानतळासारखंच हे खोटंही त्याच्या अंगवळणी पडलं होतं. इतका वेळ तिने धरून ठेवलेला थंडपणा गेला, आणि तिला त्याचं वाईट करायची सरळ, स्वच्छ इच्छा झाली.

"उठा," ती म्हणाली. "तुम्ही उजवीकडे बसा. विमान मी चालवते. वेळेवर कसं सांगायचं ते दाखवा."

"याचा परीक्षेशी काय संबंध?"

"बसा."

सहवैमानिक मागे गेला. तिने तीच हवा लावली, तीच उंची, आणि धुराडं दिसताच तसंच वळवलं.

"लवकर होतंय," मालक म्हणाला.

"गप्प बस."

"मॅडम, समोर डोंगर आहे. वर घ्या."

"गप्प बस. माझं अंगण आहे."

"वर घ्या!" त्याने दांड्याला हात घातला. तिने तो झटकून टाकला. केबिन हादरली, पडदा लाल झाला.

मालकाच्या इस्त्रीच्या शर्टावर घामाचे डाग पडले होते. झटकलेला हात मांडीवर ठेवून तो त्याच्याकडेच बघत होता.

"त्यानेही घातला होता," तो म्हणाला. "हात. मी असाच झटकला."

"कुणी?"

"होता एक पोरगा. वर घ्या, वर घ्या म्हणत होता."

"तो माझा भाऊ," ती म्हणाली.

मालकाने तिच्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. तिने तो उतरू दिला, डोळे भरून बघितला, जराही घाई केली नाही.

"हे उद्या चौकशीच्या लोकांपुढे बोलायचं," ती म्हणाली. "मागे बसलेत ते साक्षीला आहेत."

"माझं लायसन्स जाईल, मॅडम."

"ते पहिल्या डोंगरातच गेलं. आता फक्त तोंड उरलंय, ते तरी खरं वापरा."

तो उठला तेव्हा त्याला दार सापडेना. सहवैमानिकाने उघडून दिलं.

संध्याकाळी ती आईकडे गेली. आई ओट्यापाशी भाजी चिरत होती. तिने पहिल्यापासून सगळं सांगितलं. आई रडेल, किंवा आता तरी समोरच्या रस्त्याने जाईन म्हणेल, असं तिला वाटलं होतं. आईने विळी बाजूला सारली, हात पुसले आणि तिच्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"तो रडला का?"

"नाही. पण उठला तेव्हा त्याला दार सापडेना."

"परत सांग," आई म्हणाली. "लाल झालं तिथून. सावकाश सांग."