‘झालं’ सांगायची रीत

आमच्या कंपनीचं कपडे धुण्याचं मशीन काम संपलं की असं बोंबलतं, की झोपलेलं बाळ उठतं आणि जागं असलेलं भोकाड पसरतं. हे मी माझ्याच लेकीवरून सांगतेय. म्हणून मी, त्याच मशीनची इंजिनिअर, एक बटण सुचवलं. दाबलं की आवाज बंद, नुसता हिरवा दिवा. साहेबांनी दोनदा नकार दिला होता. आजची संधी शेवटची, कारण उद्या नवं मॉडेल कारखान्यात जाणार होतं आणि मग त्यात काडीचाही बदल होणार नव्हता.

सकाळी सासूबाईंपुढे तालीम केली. डेसिबल, आलेख, सगळं.

"अगं, झालं एवढं सांगायला गळा कशाला काढायचा?" त्या म्हणाल्या. "पण तूही तसलीच. काही चांगलं घडलं की दारातूनच आरडाओरडा, आणि पोर उठलीच म्हणून समज!"

मला राग आला, कारण ते खरं होतं.

बैठक नेमकी जेवणानंतर होती. खोलीत नवं मशीन मांडलं, नमुन्यादाखल त्यावर बसवलेलं माझं बटण दाबलं, चाचणीची छोटी फेरी सुरू केली.

"मॅडम, तो आवाज म्हणजे आपली ओळख आहे," विक्रीप्रमुख म्हणाले.

"हो ना, शेजाऱ्यांनाही झालीय ती," मी म्हणाले. माझ्या जिभेला हाड नाही ते नाहीच.

मी आलेख दाखवू लागले. थोड्याच वेळात साहेबांची मान कलली, मग चक्क घोरणं सुरू झालं. माझं इथे बटण पणाला लागलंय आणि हे खुशाल डुलक्या घेतायत! उठवायची कुणाची छाती होईना. तेवढ्यात मशीन थांबलं. हिरवा दिवा लागला. सगळे आळीपाळीने दिव्याकडे आणि साहेबांकडे बघत बसले.

साहेब आपसूक जागे झाले. "हं, मग? संपेल कधी हे?"

"झालं, साहेब."

"मला कसं ऐकू आलं नाही?"

"तुम्ही झोपला होतात."

विक्रीप्रमुखांनी डोळेच मिटले. गेलं माझं बटण, मला वाटलं.

साहेब दिव्याकडे बघत राहिले. "आमच्या हिला दुपारी जरा पडायची सवय आहे," ते म्हणाले. "आपलंच मशीन दुपारी लावायला मला घरात बंदी आहे." आणि ते खो खो हसत सुटले. "घ्या हे बटण! आधी का नाही सांगितलंत?"

"दोनदा सांगितलं, साहेब."

"तेव्हा आकडे सांगितलेत. झोप आज दाखवलीत."

मी घरी जवळजवळ पळतच गेले. आरोळी अगदी ओठांवर होती. सासूबाईंनी दार उघडलं. त्यांच्या खांद्यावर लेक गाढ झोपलेली.

"झालं का?" त्या कुजबुजल्या.

आनंद पोटात मावत नव्हता. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं आणि जोरजोरात मान हलवली.

"कळलं," सासूबाई हळूच हसल्या. "दिवा लागलाय."