पुसलेला कोड

मी बोलतोय हो, धम्मपालच्या गॅरेजातला लॅपटॉप! असं नाक मुरडू नका. अंगावर ग्रीस आहे, तीन बटणं उडालीत, बॅटरी तर कधीच गेली; वायर काढली की माझा खेळ खल्लास. पण डोकं शाबूत आहे. आणि त्यातली एक गोष्ट कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला भंगारात जायचं नाही.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवते ती सावनी, माझी पहिली मालकीण. इंजिनिअरिंगची पोरगी. चार वर्षं तिनं माझ्यावर अभ्यास कमी केला आणि सिनेमे जास्त बघितले. नोकरी लागताच नवा लॅपटॉप घेतला, मला विकून टाकलं. गरज सरो, वैद्य मरो! मग मला धम्मपालनं घेतलं. गाडी तपासायचं सॉफ्टवेअर माझ्यात भरलं, एक केबल जोडली. ती केबल स्टिअरिंगखाली लावली की इंजिन माझ्याशी बोलायला लागतं. कुठं दुखतंय, कधीपासून दुखतंय, सगळं सांगतं.

गॅरेज पैठण रोडवर, चितेगावच्या अलीकडं. तेव्हा ते अप्पाराव उस्तादांचं होतं. धम्मपालला पाना धरायला त्यांनीच शिकवलं. माझ्याकडं बघून उस्ताद म्हणायचे, "ह्या डबड्याला काय कळतंय? इंजिनाला कान लावावा लागतो." डबडं! राग यायचा मला. पण माणूस कसबी होता. लांब स्क्रू ड्रायव्हर इंजिनाला टेकवायचे, दुसरं टोक कानाला लावायचे आणि रोग सांगायचे. दहातल्या नऊ वेळा बरोबर.

मग आला दोन हजार सोळाचा उन्हाळा. लातूरला रेल्वेनं पाणी न्यायची वेळ आली होती. आमचं शहर मात्र वाढतच होतं. नव्या कॉलन्या, नव्या इमारती आणि कोरडे नळ. पाण्याचे टँकर रात्रंदिवस पळायचे आणि तापून आमच्याकडं यायचे. उस्तादांचा इलाज एकच, "ऊन लई हाय, तेल जाड टाक." टँकरना तो मानवायचाही.

त्यातच हिमांशूची लाल स्पोर्ट्स कार सर्व्हिसिंगला आली. हिमांशू आर्किटेक्ट, त्याच नव्या कॉलन्यांचे नकाशे काढणारा. धम्मपाल त्या दिवशी सामान आणायला गेला होता. उस्तादांनी मोठ्या मायेनं, स्वतःच्या हातानं गाडीचं तेल बदललं. टँकरला टाकतात तेच जाड तेल.

महिन्याभरात गाडी परत. इंजिनाचा दिवा पेटलेला, सिग्नलला थरथर, पिकअप मेलेला. धम्मपालनं मला जोडलं. मी बिघाडाचा कोड दाखवला: कॅमशाफ्टची वेळ चुकतेय.

सोपं करून सांगतो. इंजिनाचे व्हॉल्व्ह कधी उघडायचे ते कॅमशाफ्ट ठरवतो. ह्या गाडीत ती वेळ गरजेप्रमाणे मागंपुढं सरकते, आणि सरकवतं कोण? तेल! बारीक वाटांतून दाबानं जाऊन. तेल पातळच लागतं.

धम्मपालनं आधी तेल सोडणारा कंट्रोल व्हॉल्व्ह बदलला. कोड परत आला. मग त्यानं माझ्या पडद्यावर दोन रेघा लावल्या. एक हुकमाची, म्हणजे कॅमशाफ्ट किती सरकायला हवा; एक प्रत्यक्षाची, म्हणजे तो किती सरकला. हुकमाची रेघ टुणकन वर जायची, प्रत्यक्षाची मागून रेंगाळत यायची. इंजिन तापलं की जरा सुधारायची, गार असलं की पुन्हा बोंब. धम्मपालनं बोटावर तेल घेऊन चिमटीत चोळलं, कोपऱ्यातल्या टँकरच्या तेलाच्या डब्याकडं बघितलं आणि त्याचा चेहराच पडला.

"काय म्हणतंय तुझं डबडं?" उस्तादांनी विचारलं.

"काही नाही उस्ताद. सेन्सरचं आहे काहीतरी."

अरे खोटारड्या! दोन रेघा समोर नाचत होत्या आणि हा पठ्ठ्या माझं झाकण लावून मोकळा! पण खरं सांगू, मला त्याची दयाही आली. त्याच महिन्यात एक गिऱ्हाईक म्हणून गेलं होतं, "म्हाताऱ्याला गाडीला हात लावू देऊ नको." उस्तादांनी ते ऐकलं होतं आणि त्या दिवशी जेवणाचा डबा न उघडता तसाच घरी नेला होता. आता धम्मपाल कुठल्या तोंडानं सांगणार?

त्यानं मनातल्या मनात बेत केला. बुधवारी उस्ताद देवगाव रंगारीला, आपल्या गावी जाणार होते. तेव्हा गाडी बोलावून गुपचूप तेल बदलू. तोवर त्यानं कोड पुसला, तोही माझ्याच हातून. दिवा विझला. हिमांशू खूश होऊन गाडी घेऊन गेला. तो शुक्रवार होता.

रविवारी हिमांशू बायकोला, चारुताला, घेऊन खुलताबादला निघाला. घाटाच्या चढावर भार वाढताच जाड तेल मागं पडलं, गाडी हळू झाली आणि इंजिन गपकन बंद पडलं. गाडी मागं घसरली, कठड्यावर आदळली. जीव वाचले, पण चारुताचं मनगट मोडलं.

सोमवारी गाडी ओढून आणली. हिमांशू ओरडला नाही. "धम्मपाल, तू म्हणालास गाडी ठीक आहे," एवढंच बोलला आणि दवाखान्यात निघून गेला.

धम्मपालनं शुक्रवारच्या रेघा पुन्हा उघडल्या आणि उस्ताद माझ्यासमोर येऊन बसले. आयुष्यात पहिल्यांदा!

"दाव मला. ह्या दोन रेघा कशाच्या?"

धम्मपालनं सगळं सांगितलं. खाली बघत.

"म्हंजी तेल माझंच."

"व्हय, उस्ताद."

"कवापासून ठाव व्हतं तुला?"

"शुक्रवारपासून."

उस्तादांनी मला दोन्ही हातांनी धरलं. मला वाटलं, आता उचलून आपटतात. पण ते हळू आवाजात म्हणाले, "धम्मा, म्या जल्मभर चुका करूनच शिकलो रं. ही बी शिकलो असतो. तू मला सांगितलंच नाय. तूच मला म्हातारा ठरवलंस."

धम्मपाल रडला. उस्तादांनी गाडीखाली जाऊन स्वतः ते तेल काढलं, हात धुतले, गॅरेजच्या किल्ल्या त्याच्यापुढं ठेवल्या. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. त्यांच्या बायकोचा, केसरबाईंचा फोन आला, "आम्ही गावी निघालो बाबा. ह्यांनी काम सोडलं."

आता पाटीवर धम्मपालचं नाव आहे. कुणाचीही गाडी येवो, तो आधी मला मालकाकडं वळवतो, चूक स्वतःची असली तरी. पुढच्या महिन्यात नवा टॅब येणार आहे म्हणे. माझी तक्रार नाही, खूप झालं.

एकच मागणं आहे. तुमच्यापैकी कुणी देवगाव रंगारीला जात असेल तर अप्पाराव उस्तादांना गाठा. सांगा, धम्मपालला अजून काही इंजिनं समजत नाहीत आणि तो तुमच्याविना अडून बसतो. तो स्वतः सांगायला जात नाही. म्हणतो, त्यांना अजून त्रास कशाला द्यायचा!