मागचं इंजिन

आमचं लग्न एका शब्दावर जमलं, आणि तो शब्द माझ्या बापाला चुकीचा कळला. सत्तावन्न साली एक मध्यस्थ कुंभिवलीला येऊन सांगून गेला, "मुलगा कर्जतला बँकरवर हाय." बापानं धरलं, जावई बँकेत आहे. पांढरे कपडे घालून खुर्चीत बसणारा. आमच्या माणसांनी दीक्षा घेऊन वर्षही झालं नव्हतं, पोरगी शिकल्यासवरल्या घरात पडावी एवढंच त्याच्या डोक्यात. लग्नानंतर आठव्या दिवशी आमचे हे तेलकट डगला चढवून निघाले, तेव्हा मी विचारलं, "बँकेत असं जातात?" तर हे भिंतीला टेकून हसायलाच लागले.

कर्जतला बँकर म्हणजे घाट चढताना गाडीला मागून रेटणारं इंजिन. हे त्यावर असिस्टंट. लोणावळ्यापर्यंत रेटायचं, तिथं सुटायचं आणि एकट्यानं परत यायचं. पुण्याला गाडी जाणार, नाव पुढच्या इंजिनाचं होणार, आणि हे आपले संध्याकाळी घरी, तेलानं माखून. बापाला मी पुढं कित्येक वर्षं बोल लावला. एक शब्द नीट विचारला असता तर काय बिघडलं असतं?

त्यात भर म्हणून पुढच्याच वर्षी ह्यांनी खेळण्यातली गाडी आणली. परदेशी निघालेल्या एका गोऱ्या ड्रायव्हरनं जाताना दिलेली. पत्र्याचं काळं इंजिन, तीन डबे, थोडे रूळ आणि एक चावी. दीड खोलीच्या क्वार्टरमध्ये मी भांडी कुठं ठेवू या विवंचनेत, आणि ह्यांनी खाटेपासून उंबऱ्यापर्यंत तिरकी फळी टाकली. तो म्हणे घाट. "नेरळहून माथेरानला जाते ती काय कमी खेळण्यातली हाय, तिच्यात बसा की," मी म्हटलं. कुठलं ऐकतात!

बरं, चालवायची तरी सरळ? इंजिन हे मागं लावायचे. पुढं नुसता लाकडी ठोकळा, काळा रंगवलेला. पाहुणे हसायचे. हे शांतपणे सांगायचे, "पुढचं इंजिन मुंबईचं असतं, ते आपलं नाय. आपलं मागचं."

तेव्हा गल्लीतली पोरं दाराशी दाटी करायची. चावीचे पीळ चौदा. पंधरावा दिला तर स्प्रिंग तुटेल म्हणून चावी कुणाच्या हाती द्यायचे नाहीत. मी चुलीपुढून न बघता मोजायचे. बारा पिळांनंतर करकर बारीक होते, चौदाव्याला आवाज जवळजवळ बंदच. एवढं ऐकून ऐकून माझं पाठ झालं.

मग सेलवर चालणाऱ्या प्लॅस्टिकच्या गाड्या आल्या. बटण दाबलं की पळते, दिवा लागतो, शिट्टी वाजते. पोरं ह्यांच्या गाडीकडं बघून म्हणायला लागली, "काका, चावीची काय?" पुढं कुणाकडं टीव्ही आला, आणि दारातली दाटी तिकडं गेली. हे एकटेच घाट चढवत राहिले. रिटायर झाल्यावर आम्ही दहिवलीला दोन खोल्या बांधल्या, तिथंही आधी फळी बसली, मग माझी मांडणी.

त्र्याऐंशी साली ह्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. जीभ जड झाली, हाताची पकड गेली. चावी फिरेना. दोन महिने गाडी खाटेखाली. हे भिंतीकडं बघत बसायचे, जेवा म्हटलं तर जेवायचे, नाही म्हटलं तर नाही. मला त्यांचा राग यायचा, आणि भीतीही वाटायची. माणूस असा बसून बसून संपतो, मी पाहिलेलं आहे.

आमची लेक आवडी मुंबईला टेलिफोनच्या ऑफिसात. तिनं तिथल्या एका साहेबांना गाडीचं सांगितलं. साहेबांना जुन्या गाड्या जमवायचा नाद. चाळीस इंजिनं आहेत म्हणे. एका रविवारी ते खोकं घेऊन आले. पत्र्याचं इंजिन बघून त्यांचा आवाजच उतरला. "चालवता ही?"

"मग काय लोणचं घालायचं?" मी म्हटलं.

"ही आता खेळायची वस्तू राहिली नाही, बाई. माझी सगळी काचेच्या कपाटात आहेत. चावी देत नाही मी. स्प्रिंग तुटली की संपलं."

त्यांनी नवी गाडी आणली होती, सेलवरची, मुद्दाम आमच्या रुळांच्या मापाची. ही घ्या, ती द्या. डाव्या हातानं बटण दाबता येईल, म्हणून हे कबूल झाले. गाडी घाट चढलेली बघायची, एवढंच ह्यांना हवं होतं. आवडीनं ठोकळा काढून नवं इंजिन पुढं लावलं, मागं आपले तीन डबे. ह्यांनी बटण दाबलं. दिवा लागला, शिट्टी वाजली. अर्ध्या फळीवर चाकं जागच्या जागी फिरायला लागली. तीनदा केलं, तीनदा तेच.

"चढ कमी करा," साहेब म्हणाले. "फळी थोडी खाली घ्या."

"घाट... खाली... होत नाय," हे म्हणाले. दोन महिन्यांत एवढं मोठं वाक्य निघालं नव्हतं. आणि बटणावरचा हात काढून परत भिंतीकडं बघायला लागले.

मी साहेबांच्या हातातून पत्र्याचं इंजिन घेतलं. ते म्हणाले, "अहो, तुटेल." मी मोजत होते. बारा. करकर बारीक झाली. तेरा. चौदाव्याला आवाज बंद, तिथं थांबले बरोबर. शेवटच्या डब्यामागं इंजिन टेकवलं, पुढचं बटण दाबलं आणि चावी सोडली. पुढचं ओढतंय, मागचं रेटतंय. गाडी कुरकुरत फळी चढली आणि खाटेवर जाऊन उभी राहिली.

हे रडत होते. मीही.

साहेब म्हणाले, "पण इंजिन मागं का?"

"हे बँकरवर होते," आवडी म्हणाली.

"असं? कुठल्या बँकेत?"

ह्यांच्या वाकड्या तोंडातून हसू फुटलं, पहिल्यासारखं. मी नवी गाडी पुसून खोक्यात भरली आणि साहेबांपुढं ठेवली. "साहेब, राग मानू नका. बँकर लोणावळ्यालाच सुटतो. पुढं जात नाय, घरी येतो."

दुसऱ्या दिवशी ह्यांनी डाव्या हातानं काळा ठोकळा पुढं लावला आणि हाक मारली, "चंद्रे, चौदा."

मी पदराला हात पुसून चावी घेतली. बापाला लावलेला बोल मनातल्या मनात मागं घेतला. तो जाऊन नऊ वर्षं झाली होती.