मध्येच आहे, बाबा

काटा : बरोबर मध्ये

सुनेने दुसरा गिअर टाकला आणि एसी बंद केला. पिकअपमागच्या ट्रेलरमध्ये तीस मधपेट्या करकरल्या.

"काटा कुठंय?" सासऱ्यांनी विचारलं. मोतीबिंदूमुळे त्यांना समोरचा रस्ताही धूसर दिसे. डॅशबोर्डवरचा, इंजिनाचा ताप दाखवणारा बारीक काटा कुठून दिसणार!

"मध्येच आहे, बाबा."

तेव्हा ते खरं होतं. निघायचं होतं पहाटे, पण ट्रेलर जोडायची पिन सापडेपर्यंत दहा वाजले. आता ऊन, चढ आणि ओझं, तिन्ही एकदमच वाट्याला आलं होतं. थांबावं तर वारा थांबतो, आणि जाळीबंद पेट्यांत माश्या उकडून निघतात. चढ संपला की फुललेलं रान. सासऱ्यांचा मुलगा, म्हणजे तिचा नवरा, वारल्यापासून पेट्या तिथे गेल्या नव्हत्या. या खेपेला जमलं नाही तर त्या विकून टाकायच्या, असं सासऱ्यांनी ठरवलं होतं. गिऱ्हाईकही तयार होतं. सुनेला त्या विकायच्या नव्हत्या.

काटा : दोन बोटं वर

"आणि आता?"

"मध्येच."

सासऱ्यांनी मान कलती करून इंजिनाची घरघर ऐकली. मग चाचपडत हात पुढे नेला आणि हिटर पूर्ण सोडला.

"बाबा! या उन्हात?"

"इंजिनाचा ताप थोडा आपण घ्यायचा. काच उघड."

पाच मिनिटांत दोघं घामाने निथळली. सासऱ्यांची बोटं सदऱ्याच्या गुंड्यांशी घुटमळत राहिली.

"काढा हो सदरा."

"सुनेसमोर?"

"सुनेचं लक्ष काट्यावर आहे."

"तो तर मध्येच आहे ना? मग लक्ष कशाला?"

त्यांनी सदरा काढून मांडीवर घेतला.

काटा : लालला टेकलेला

या वेळी त्यांनी विचारलंच नाही.

"सावली दिसली की घे बाजूला. इंजिन चालूच ठेव. न्यूट्रलला टाक आणि अ‍ॅक्सिलरेटर हलका दाबून बस."

गाडी थांबताच पाण्याचा कॅन घेऊन ते उतरले.

"बाबा, झाकण तापलंय, हात लावू नका!"

"रेडिएटरला कोण घालतंय पाणी?"

ट्रेलर हाताने चाचपत ते एकेका पेटीच्या जाळीवर पाणी शिंपडत गेले. आतली भणभण चढली होती; हळूहळू ती खाली आली. शेवटच्या पेटीवर तळहात ठेवून ते उभे राहिले.

परत येऊन बसले, तेव्हा सून म्हणाली, "बाबा, काटा मघापासूनच वर होता."

"माहीत आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"तोही असाच. बॉनेटमधून वाफ निघाली तरी म्हणायचा, मध्येच आहे."

सुनेला हसू फुटलं आणि हसता हसता तिने तोंड खिडकीकडे वळवलं. सासऱ्यांनी मांडीवरचा सदरा तिच्यापुढे धरला.

"पूस."

"ओला आहे, बाबा."

"असू दे."

तिने त्याच सदऱ्याने डोळे पुसले.

"आता खरं सांग."

"उतरतोय. एक बोट राहिलंय."

"मग सावकाश निघू." त्यांनी सदरा अंगात घातला, गुंड्या लावल्या. "ओझं जास्त झालंय. पुढच्या खेपेला वीसच पेट्या घेऊ."

सून गिअरवर हात ठेवून तशीच बसली.

"ऐकलंस ना?"

"ऐकलं, बाबा. वीसच."