राजाबाईच्या देवळीतलं हापिस

आण्णाप्पा मालकांच्या तंबाखूच्या पेढीचं हापिस दसऱ्यालाच बेळगावला निघालं होतं आणि संक्रांत उलटली तरी निपाणीतून हललं नव्हतं.

बेळगावात स्टेशनाजवळ नवी इमारत तयार होती. इकडं निपाणीत हापिस वखारीला लागून एका माडीवर. खाली तंबाखू कुटायला लागले की वर लिहिणाऱ्यांचे डोळे चुरचुरत. दसऱ्याला दिवाणजी मारुतीरावांनी बांधाबांध करायला लावली. दप्तरं फडक्यांत गेली, मेजांचे पाय निघाले. मग मुहूर्ताच्या सकाळी गाडीचा बैल लंगडला आणि मालकांना शंका आली. तेव्हापासून कारकून खोक्यांवर पाट ठेवून लिहीत होते, आणि लागणारा कागद नेमका तळातल्या गाठोड्यात असे.

हललं नव्हतं तरी रीतीप्रमाणं हापिस निघालेलंच होतं. मुहूर्त तर साधायचा आहे आणि जायला जमत नाही, अशा वेळी प्रस्थान ठेवतात. जायच्या वाटेवरच्या एखाद्या घरात सुपारी-तांदळाची पुरचुंडी ठेवली की माणूस निघाला असं धरतात. ठेवलेली वस्तू मात्र मागं आणायची नाही, तिनं पुढंच जायचं. बेळगावच्या वाटेवर गावातलं शेवटचं घर राजाबाईचं. दर मुहूर्ताला दिवाणजी तिच्या भिंतीतल्या देवळीत एक पुरचुंडी ठेवून येत आणि मालक समाधानानं तक्क्याला टेकत.

"दिवाणजी, माझ्या देवळीत दिवा ठिवायला जागा न्हाय ऱ्हायली," राजाबाई म्हणे. "हापिस हितंच आलंय म्हणून पाटी तरी लावा."

मारुतीराव हसत. त्यांचं काय जात होतं? माडी त्यांच्या मेहुण्याची, भाडं चालू होतं. मुहूर्तात खोट काढणारा जोशी जेवायलाही त्या मेहुण्याकडंच असे.

हसू येत नव्हतं ते भरमाला. भरमा वडगावच्या विणकराचा मुलगा. माग नको म्हणून शाळा शिकला, कारकून झाला, आणि मागाच्या खड्ड्यात पुन्हा पाय घालणार नाही असं बापाला तोंडावर सांगून आला. दसऱ्याला मारुतीराव त्याला म्हणाले होते, "खोली सोड, बायकोला पुढं पाठव. आठवड्यात आपण तिथं." त्यानं खोली सोडली, ताराबाईला भांड्याकुंड्यांसकट बेळगावला लागून असलेल्या शहापूरला तिच्या माहेरी धाडलं. तेव्हापासून तो वखारीत तंबाखूच्या बोदांवर, गच्च भरलेल्या पोत्यांवर, झोपत होता आणि सकाळी खोकत उठत होता.

शहापूरला गेला की सासरा जोतिबा मागावरून मान न उचलता विचारी, "जावईबापू, हापिस कुठवर आलं? संकेश्वर तरी वलांडलं का?"

ताराबाई शेजारी सुताच्या कांड्या भरत असे. या खेपेला ती म्हणाली, "आप्पा शिमग्याला दुसरा माग लावणार हाईत. मला बस म्हणत्यात. एकदा बसले की मी निपाणीला येत न्हाय. हापिस काय करतंय ते मला सांगू नका. तुमी कधी येताय ते सांगा."

"शिमग्याच्या आत येतो," भरमा म्हणाला. असं म्हणायला त्याच्यापाशी मारुतीरावांवरच्या रागाखेरीज काही आधार नव्हता.

पुढचा मुहूर्त आला. जोश्यानं दुपारनंतरची वेळ खोटी ठरवली आणि दिवाणजींनी सवयीनं पुरचुंडी बांधायला घेतली.

"मालक, एक बोलू?" भरमा म्हणाला. "मोठ्या माणसाचं प्रस्थान सुपारीवर भागत न्हाय. म्हणून तर हापिस हलंना. आमच्यात माग हलवायचा झाला तर आधी विणकराची बसायची फळी पुढं जाती. मालकानं ज्याच्यावर बसायचं, ते जायला पायजे."

"कुठल्या पोथीत वाचलंस रं हे?" मारुतीरावांनी विचारलं.

"पोथी जोशीबुवांची. ती वाचून वाचून तर आपण हितं बसलोय."

मालकांनी बसल्या गादीवरून एकदा हात फिरवला. मग उठून बाजूला झाले. "न्या गादी," ते म्हणाले.

हमालानं गादी आणि तक्के डोक्यावर घेतले. भरमानं त्याला मागच्या बोळानं न नेता भर बाजारातून राजाबाईकडं नेलं. पेढीची गादी उठलेली दिसली की बाजार एकच समजतो, पेढी बुडाली. दुसऱ्या दिवशी कोगनोळीकडून आलेल्या तंबाखूच्या गाड्या दारात थांबल्या, आतल्या चटईवर बसलेले मालक बघितले आणि पुढच्या व्यापाऱ्याकडं वळल्या. संध्याकाळपर्यंत दोघे व्यापारी मालकांच्या तब्येतीची चौकशी करून गेले. त्यांना तब्येतीचं काही पडलेलं नव्हतं.

"गादी परत आणा," मालक म्हणाले.

मारुतीराव पळत गेले. राजाबाई उंबऱ्यावर बसली होती. "न्या की. ठिवलेली वस्तू मागं नेऊन काय इपरीत झालं तर माझ्या दारावर बोल लावायचा न्हाय, एवढं मालकास्नी इचारून या."

मालकांनी तिचा निरोप ऐकला आणि दोन्ही हात जोडले. गादी मागं आणता येत नव्हती, चटईवर बसवत नव्हतं. त्याच आठवड्यात गाड्या भरल्या. राजाबाईच्या दारातून गादी उचलून मालक मोटारीनं पुढं गेले. त्याच मोटारीत मारुतीरावांची बायकोही भांड्यांसकट गेली, कारण नव्या इमारतीमागं दिवाणजींना राहायला जागा होती.

भरमा ट्रंक घेऊन निघाला तेव्हा रिकाम्या माडीवर मारुतीराव त्याची वाटच बघत होते. त्यांनी वखारीची किल्ली पुढं केली. मारुतीराव आणि भरमा या दोघांखेरीज मालक ही किल्ली तिसऱ्याच्या हातात देत नसत.

"तू हितंच ऱ्हायचंस. वखारीवर माणूस पायजे."

"मालक म्हणाले?"

"मी म्हणालो. मालकांनी मान डोलावली. गादीची अक्कल ज्याला सुचती, तो वखारीला बरा."

"किती दिवस?"

"बघू. मुहूर्त काढू एखादा."

भरमाला खोकल्याची उबळ आली. ती जाईपर्यंत मारुतीराव हसतमुखानं थांबले.

"दिवाणजी, तुमच्याच सांगण्यावरनं दसऱ्याला मी प्रस्थान ठिवलंय. शहापुरात. बायको, ताटं, तांब्या, सगळं. ते मागं आणायचं न्हाय." त्यानं किल्ली घेतली आणि गादीच्या जागी, मोकळ्या फरशीवर ठेवली.

"नोकरी जाईल."

"जाऊ दे. किल्ली टाकून तुमी निघालात तर तुमची बी जाईल."

बेळगावला जाणारी सर्व्हिसची मोटार राजाबाईच्या दारापुढं उभी होती. भरमा मागच्या बाकावर बसला. शहापुरात सासरा काय विचारील ते त्याला ठाऊक होतं, आणि दुसऱ्या मागावर कोण बसणार तेही. बापाला काय सांगायचं, तेवढं सुचत नव्हतं.

मारुतीराव हातात किल्ली घेऊन धापा टाकत मोटारीपर्यंत आले. वखार सोडून चढता येत नव्हतं. ते तसेच उभे राहिले.

राजाबाई देवळी झाडून बाहेर आली. सगळ्या पुरचुंड्या तिनं सुपात भरल्या होत्या.

"दिवाणजी," ती म्हणाली, "तुमची सुपारी ठिवायची असंल तर आता जागा झालीया."